आधी समोरच्याचं

अप्पा मयेकर आठवले की मला एका जागी बसवत नाही. उठते, स्वयंपाकघरात जाते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते. त्यांना शेवटचं पाहून बरीच वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या डोक्यात एक प्रश्न घालून ठेवलाय आणि त्याचा निकाल काही लागत नाही. आज लिहून बघते. लागला तर लागला.

अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी कराडहून रत्नागिरीला आले. यजमान बँकेत. मांडवीच्या वरच्या अंगाला, उतारावर, भाड्याचं कौलारू घर. शेजारी मयेकर, मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. मयेकरांच्या हापूसच्या कलमाची एक दांडगी फांदी गडगा ओलांडून सरळ आमच्या अंगणात आलेली. म्हणजे पानं आमच्याकडे, मुंगळे आमच्याकडे, पोरांनी मारलेले दगड आमच्या कौलांवर, आणि आंबे उतरवायला येणारा गडी मात्र त्यांचा! नवी नवरी म्हणून काही दिवस गप्प झाडत राहिले. मग एका सकाळी दगडाने कौल फुटलं आणि माझं डोकं फिरलं. झाडू हातात घेऊनच गडग्यापाशी गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. आमच्याकडे भांडण एका दमात करतात. मध्ये श्वास घेतला की समोरचा आत घुसतो.

पलीकडच्या सारवलेल्या अंगणात लुंगी आणि बनियन घातलेला एक उंच म्हातारा तुळशीभोवती फेऱ्या मारत होता. माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. मला वाटलं, बहिरा आहे की काय! मी थांबले तसा तोही थांबला.

"झालं?"

"झालं."

"नाय झालं. पुरतं बोलली नायस," तो म्हणाला. "तुझं म्हणणं असं की झाड माझं आणि झाडलोट तुझी. कौल फुटलं तर घरमालक तुझ्याकडे बघणार, माझ्याकडे नाय. त्यात तू नवीन, कोणाला काय बोलावं ते कळत नाय, म्हणून इतके दिवस तोंड दाबून बसलीस आणि आज ते सगळं एकदम बाहेर आलं. आणि एक तू बोललीच नायस. ह्या फांदीपायी तुझ्या अंगणात ऊन येत नाय, कपडे वाळत नायत. बरोबर?"

कपडे! कपड्यांचं मी साफ विसरले होते.

"बरोबर," मी म्हटलं. काय म्हणणार?

"आता माझं सांग."

"तुमचं? तुमचं मला काय माहीत?"

"मग एवढा वेळ भांडत होतीस कोणाशी?"

अंगाची नुसती आग आग झाली. आत येऊन दार आपटलं. यजमान दाढी करता करता हसत होते. "अप्पांनी गाठलं वाटतं तुला," म्हणाले. "आता सुटका नाही. त्यांची बाजू सांगेपर्यंत तुला विचारत राहतील." आणि खरंच! दोन्ही वेळा पाणी भरायला गेले की गडग्यापलीकडून आवाज यायचा, "काय गो कराडकरीण, माझं काय ठरलं?" शेवटी वैतागून मीच त्यांच्या बायकोला, माईंना, विचारलं. कळलं ते असं. कलम अप्पांच्या वडिलांनी बांधलेलं, सगळ्यात जास्त मोहर त्याच फांदीला, आणि ती तोडली तर झाड एका अंगाला कलून वादळात जायची भीती. हे सगळं मी गडग्यावरून ओरडून सांगितलं. अप्पा खूश झाले. कानापर्यंत हसले. आणि आठवड्याच्या आत त्यांनी ती फांदी तोडली. गडी कुऱ्हाड चालवत होता आणि हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "हिचं पटलं मला. झाडापेक्षा हिचे कपडे वाळणं महत्त्वाचं."

माई दारात उभ्या राहून बघत होत्या. नंतर मला एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याचं त्यांना लवकर पटतं गो."

अप्पा जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. उभा जन्म मालवाहू बोटींवर गेलेला. वर्षातले दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. मूलबाळ नाही. निवृत्त होऊन आले ते पाय अजून डेकवरच असल्यासारखे. हा माणूस बसायचाच नाही. चहा उभ्याने. पेपर उभ्याने. तुम्ही काही सांगायला लागलात की हे चालू लागायचे, तुळशीभोवती नाहीतर ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पाठीमागे बांधून. थांबले की समजायचं, यांना तुमचं कळलं. सुरुवातीला मला भोवळच यायची. तुम्ही बोलताय आणि ऐकणारा कधी समोर, कधी पाठीमागे.

डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. एकदा मी धीर करून विचारलं. तेव्हा कळलं, हा वाद घालायचा नेम आला कुठून.

"बोटीवर भांडलीस तर उठून जाशील कुठं?" ते म्हणाले. "माहेरी? ज्याच्याशी भांडलीस तोच जेवायला समोर, तोच झोपायला वरच्या फळीवर. तेव्हा मी जवान होतो, मस्ती होती. एका मलबारी खलाशाशी माझं वाजलं. कशावरून, तर ड्यूटीच्या पाळीवरून. बोलणंच टाकलं आम्ही. मग एकदा बंदराला लागताना तारेचा दोर ताणाखाली होता आणि माझा हात नको तिथं होता. त्याने बघितलं. ओरडायला तोंड उघडलंन, आणि मग आमचं बोलणं बंद आहे हे त्याला आठवलं. तेवढाच वेळ लागला."

"मेल्याचं वाटोळं होवो!" मी म्हटलं.

"तू कशाला शिव्या देतेस? त्याला काय लागलं होतं ते मी कधी ऐकूनच घेतलं नाय. अजून मला माहीत नाय. त्याची बाजूच माहीत नाय तर त्याला चुकला म्हणू कसा?"

पुढे सारंग झाल्यावर त्यांनी आपल्या माणसांना नेम घालून दिला. दोघांचं वाजलं की सगळ्यांसमोर उभं राहायचं. ह्याने त्याचं म्हणणं सांगायचं, त्याने ह्याचं. समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत पुन्हा सांगायचं. मग आपलं मांडायचं. आणि पटलं तर ज्यांच्यासमोर भांडलात त्यांच्यासमोरच मोठ्याने 'पटलं' म्हणायचं, कोपऱ्यात नेऊन कानात नाही. तोवर कोणालाच चहा नाही. "चहासाठी माणसं लवकर शहाणी होतात," अप्पा म्हणायचे.

तो नेम त्यांनी जसाच्या तसा वाडीत आणला, आणि वाडीला काय, चहा आपापल्या घरी मिळत होता! त्यामुळे लोक त्यांना टाळायचे हो. खोटं कशाला सांगू? लांबून अप्पा दिसले की रस्ता बदलणारे होते. मीही बदललाय. एकदा मी सासूबाईंबद्दल माईंपाशी मन मोकळं करत होते. चांगली रंगात आले होते. फेऱ्या मारणारे अप्पा थांबले आणि म्हणाले, "ती इथं नाय. नसलेल्या माणसाशी भांडायचं नाय." मी म्हटलं, "अहो अप्पा, मग बायकांनी बोलायचं तरी काय?" माई एवढ्या हसल्या की डोळ्याला पदर लावला. पण अप्पा हसले नाहीत. "तिला बोलव. मी दोघींना उभी करतो," म्हणाले. नको रे बाबा!

बाजारात त्यांना पाठवायची सोय नव्हती. कोळणीने भाव सांगितला की हे म्हणणार, "तुझं म्हणणं बरोबर हाय. होडी दोन दिवस मोकळी परत आली, बर्फ महाग, आणि तू पहाटेपासून उन्हात बसलीयस." मग ती म्हणेल तो भाव देऊन यायचे. वर एखादा मुद्दा तिला सुचला नसेल तर तोही देऊन यायचे. माई कपाळाला हात लावायच्या. नंतर म्हावरं आणायला माईच जाऊ लागल्या.

शिमग्यात पालखी पहिली कोणाच्या दारात थांबणार, यावरून वाडीतली दोन घरं कित्येक वर्षं एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नव्हती. एका वर्षी गावकीच्या बैठकीत अप्पा उभे राहिले. दोन्हीकडच्या कर्त्या पुरुषांना म्हणाले, तू त्याचं सांग, तू ह्याचं सांग. अर्धा तास नुसता गोंधळ. मग त्यातला एक, सदू नावाचा मिस्त्री, चिडून का होईना, पण समोरच्याचं सांगायला लागला. पालखीचा जुना दांडा मोडला तेव्हा ह्यांच्या आजोबांनी आपल्या घराच्या आढ्याचं लाकूड काढून दिलं होतं, त्याच्यासाठी घराचा अर्धा माळा उघडा पडला होता, पावसाळाभर पोरं भिजत होती, आणि त्यांनी कधी त्याचा उच्चार केला नाही. समोरचा म्हातारा बघतच राहिला. म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" सदू म्हणाला, "माझ्या आजीने." म्हणजे यांना माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं! सदूने तिथेच 'पटलं' म्हटलं. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने आणि भावांनी त्याला इतकं धारेवर धरलं की वर्षभर तो अप्पांशी बोलला नाही. समेट झाला आणि त्याचं घर नासलं, असं म्हणायची पाळी आली.

मी एकदा स्पष्टच म्हटलं, "सगळ्या गोष्टींना दोन बाजू नसतात अप्पा."

"नसतील."

"मग?"

"बघितल्याशिवाय कसं कळणार?"

अशा माणसाशी बोलून काय उपयोग? पण जायचे मी, रोज जायचे. तोवर मलाही नोकरी लागली होती; कचेरीतून येऊन चपला काढायच्या आधी गडग्यापाशी. आमच्या घरी कोणी कोणाचं ऐकून घेत नव्हतं, ना माहेरी ना सासरी. इथे निदान एक माणूस माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट सांगायचा. त्याची चटक लागते हो.

या सगळ्यात माई एकट्याच अशा की ज्या अप्पांशी कधी वाद घालायच्या नाहीत. "तुमचं चालू द्या," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. एवढी वर्षं घर त्यांनी एकटीने चालवलेलं. कौलं शाकारणं, कलमं करारावर देणं, सासू-सासऱ्यांची आजारपणं, सगळं. वाद घालायला घरात होतं कोण?

मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आमच्या लग्नाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गाठ आहे, मुंबईला न्या, ऑपरेशन लवकर झालं तर बरं. हमी नाही, पण वेळ मिळेल. अप्पांनी त्याच दिवशी वाडीभर सांगितलं, माईला मुंबईला नेतोय. लांज्याहून माईंचे धाकटे भाऊ वसंतराव जीप घेऊन आले. त्यांचा लांज्याला काजूचा छोटा कारखाना. बहिणीवर जीव. सगळी तयारी झाली.

आणि माई म्हणाल्या, "मी नाय येणार."

का? तर नाही यायचं. झालं! वसंतरावांनी हात जोडले, मी रडले, वाडीतल्या बायकांनी समजावलं. माई भिंतीला टेकून बसलेल्या, ढिम्म. अप्पा ओटीवर फेऱ्या मारत होते. थांबले आणि म्हणाले, "तुम्ही सगळी जावा. मला हिचं ऐकू दे."

वसंतराव पाय आपटत लांज्याला गेले. मला अजून आठवतं, मला त्या क्षणी अप्पांचा भयंकर राग आला होता.

पुढचे दिवस काय सांगू! मी डबा घेऊन जायचे आणि ऐकायचे. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना समोरच्याचं सांगता येत नव्हतं. जगातल्या कुठल्याही माणसाचं सांगतील, पण बायकोचं येईना.

"तुला कापाकापीची भीती वाटते."

"नाय."

"तुला मुंबईत कोणाच्या दारात राहायला नको."

"ते पण नाय."

"तू माझ्यावर रागावली हायस. जन्मभर मी पाण्यावर होतो म्हणून."

माईंनी मान वर केली. "रागावली हाय. पण ते ह्यात नाय."

अप्पा पुन्हा चालू लागले. सकाळी चालत होते, दुपारी चालत होते. मला बघवेना. "अप्पा, हे काय चाललंय?" मी ओरडले. "हा काय पालखीचा मान आहे? आमच्याकडे असं असतं ना, तर चार जणांनी उचलून गाडीत घातलं असतं. बरी झाल्यावर काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे!"

"तुझं म्हणणं मला कळतंय," ते म्हणाले, आणि मला वाटलं गडग्याचा एक चिरा उचलून आपल्याच डोक्यात घालावा.

मग एका दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा ते थांबलेले होते. माईंच्या समोर, जमिनीवर, चक्क बसलेले.

"तू वाट बघितलीस," अप्पा म्हणत होते. "माझ्या बोटीची वाट, पत्राची वाट, मनीऑर्डरची वाट. मी यायची वाट आणि आल्यावर मी जायची वाट. आता तिथं कॉटवर पडून परत तेच. रिपोर्टची वाट, डॉक्टरची वाट, मी बाहेरच्या बाकड्यावरून आत यायची वाट. तुला मरणाची भीती नाय. तुला आता कशाचीच वाट बघायची नाय. जेवढे दिवस असतील तेवढे तुला इथं हवेत, मी समोर असताना."

माईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बरोबर," म्हणाल्या.

मला तिथून निघायला हवं होतं, पण मी तशीच उभी राहिले. माई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आता तुमचं मी सांगू? तुमी जन्मभर नव्हतात. आता हायत, तर तुमाला कायतरी करून दाखवायचं हाय. हातपाय न हलवता बसणं तुमाला येत नाय. बरोबर?"

"बरोबर."

"मग मुंबई माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

अप्पा म्हणाले, "पटलं." आणि उठून, पायात चपला सरकवून, वाडीत गेले. ज्या ज्या घरी सांगितलं होतं माईला मुंबईला नेतोय म्हणून, त्या त्या घरी जाऊन सांगून आले, माई जाणार नाय, मला तिचं पटलंय. एका घरात कोणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं, "अप्पा, तुम्ही माणूस आहात की कोण?" तेही ऐकून आले.

त्यानंतरचे काही महिने ते दोघं जसे राहिले तसं जोडपं मी पाहिलेलं नाही. अप्पा स्वयंपाक करायचे आणि माई आतून चुका सांगायच्या. "मीठ आधी नको हो!" संध्याकाळी एकदा दोघं रिक्षा करून आरे-वारेच्या समुद्रावर जाऊन आली. माई वाळूत बसल्या होत्या आणि अप्पा म्हणे त्यांच्याशेजारी दिवस मावळेपर्यंत बसून होते, एकदाही उठले नाहीत. हे माईंनी मला किती वेळा सांगितलं! मी चिडलेलीच होते. पण माईंचा चेहरा बघितला की माझा राग कुठे ठेवावा ते मला कळायचं नाही.

गणपती झाले आणि माई गेल्या.

तेराव्याला माणसं बरीच जमली होती. अंगणात मांडव, पंक्ती बसायच्या तयारीत. वसंतराव पानावर बसले आणि तसेच उठले. "मी ह्या घरात जेवणार नाही," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोलतो. ह्या माणसाने माझी बहीण घालवली. डॉक्टर सांगत होते न्या, मी जीप घेऊन दारात उभा, आणि हा हिच्याशी वाद घालत बसला. वाद! मरणाऱ्या माणसाशी!"

मला वाटलं, आता अप्पा कोसळतील. अप्पा खांबाला धरून उभे होते. ते चालले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, "पुरतं बोल, वसंता."

"काय पुरतं बोलू?"

"मी बोलतो. तुझं म्हणणं असं की ती दुखण्यात होती, आणि दुखण्यातल्या माणसाचं 'नको' हे त्याचं नसतं, दुखण्याचं असतं. त्या वेळी नवऱ्याने ऐकून घ्यायचं नसतं, उचलून न्यायचं असतं. शिव्या खायच्या, पण न्यायचं. ते मी केलं नाय, कारण मला माझ्या नेमाचा माज हाय. बायको गेली तरी चालेल, पण नेम राहिला पाहिजे. बरोबर?"

वसंतराव रडायलाच लागले. "बरोबर," म्हणाले.

"तुझ्याकडे एक मुद्दा कमी हाय," अप्पा म्हणाले. "तो फक्त मला माहीत हाय. जायच्या आधी कळा अगदी सोसवेनात तेव्हा ती म्हणाली, चला, जाऊया मुंबईला. मी धावत डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आता नाय, आता उपयोग नाय. मी घरी येऊन तिला खोटं सांगितलं. म्हटलं, गाडी सांगितलीय, येतेय. ती विचारायची, आली काय? मी म्हणायचो, निघालीय. शेवटपर्यंत ती गाडीची वाट बघत होती, वसंता. जे तिला नको होतं तेच मी तिला दिलं."

माझ्या हातात वाढायचं ताट होतं. ते मी कुठे ठेवलं मला आठवत नाही.

वसंतराव दोन पावलं मागे सरकले. "नको," म्हणाले. "हे मला नको. हे कशाला सांगितलंत? मी काय करू ह्याचं?"

"तुझंच हाय ते. तुझ्या बाजूचं."

"मग तुमची बाजू काय? तुमची पण सांगा की!" वसंतराव ओरडले. रागाने नव्हे, विनवणी करत होते.

अप्पा म्हणाले, "रात्री मला तुझं पटतं रे. सकाळ झाली की तिचं पटतं. माझं असं मला काय सापडतच नाय."

सदू मिस्त्री मान खाली घालून बसला होता. माझा प्रश्न तो हाच. मी त्या दिवशीही अप्पांच्या बाजूने तोंड उघडायला गेले आणि मला कळेना की कुठून सुरुवात करू. उचलून नेलं असतं तर माई जगल्या असत्या का? असत्या तर त्या वाळूत बसलेली ती संध्याकाळ त्यांना मिळाली असती का? मी आजही दोन्हीकडून बोलते आणि दोन्हीकडून हरते.

वसंतरावांनी डोळे पुसले. पंक्तीतून चालत अप्पांपाशी आले आणि त्यांचा दंड धरला. "चला," म्हणाले.

"कुठं?"

"लांज्याला. माझ्याकडे."

"अरे, पण माझं ऐक वाईच..."

"मी काय ऐकणार नाय!" वसंतराव म्हणाले. "एक शब्द ऐकणार नाय. चला म्हणतो ना!" आणि भर मांडवातून, सगळ्या वाडीसमोर, त्या उंच माणसाला ओढतच घेऊन गेले. वर रस्त्यावर जीप होती. दार उघडून अक्षरशः आत कोंबलं. मी घाईघाईने माजघरातून त्यांचे दोन कपडे आणि चष्मा एका पिशवीत घातला आणि मागे धावले. पुढच्याच उन्हाळ्यात आमची बदली झाली. अप्पा तोवर लांज्याहून परतले नव्हते, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

मी धापा टाकत जीपपाशी पोचले तेव्हा वसंतराव पुढच्या काचेतून समोर बघत होते, गाल ओले. ड्रायव्हर किल्ली फिरवत होता. मी खिडकीतून पिशवी आत धरली आणि हाक मारली, "अप्पा!" मेहुण्याच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून, ते गाढ झोपले होते.